एखाद म्हणजे एक

एकोपा मंडळाची माणसं शालोम झिराडकरांना न्यायला आली, तेव्हा त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीशी बोलणं टाकून चौदा महिने होत आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. हृदयातल्या दोन झडपा बदललेल्या, पण ताठा जन्मापासूनचा. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागला होता. दारात पांढरी गाडी पाहून म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "शब्बाथला मी गाडीत बसत नाही. चालत येतो."

त्यांच्याबरोबर धरलेले नऊ जणही मग गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी दहा बेने इस्राएली पुरुष घरापासून चौकीपर्यंत तीन किलोमीटर रमतगमत चालले आणि मागून मंडळाची गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत आली. मांडवखारच्या लोकांनी खिडक्यांतून हे पाहिलं. हसायची सोय नव्हती, म्हणून कुणी हसलं नाही.

निघताना म्हाताऱ्यांनी शेजारच्या चांगुणाबाई कोळणीला तेवढं सांगितलं होतं, "शब्बाथचा दिवा जळतोय. फुंकर मारू नका. तेल संपलं की आपला तो विझेल."

मुलीला निरोप नव्हता. तो चांगुणाबाईंनीच आपल्या मनाने टेकडीवरच्या प्रयोगशाळेत फोन करून दिला. "सिपोरा, तुज्या बापसाला नेलान. तुज्या त्या पेटीनंच दावला गो."

डॉक्टर सिपोरा झिराडकरच्या हातातला चहाचा कप खाली पडला नाही. तिने तो नीट टेबलावर ठेवला.

ती पेटी खरोखरच तिची होती.

नऊ वर्षांपूर्वी कोंडेरी गावावर डोंगर खचला, तेव्हा सिपोरा तरुण संशोधक होती. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. घराघरात इंटरनेटसाठी राऊटर असतो. त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी भिंती, माणसं, चिखल, सगळ्यातून आरपार जातात आणि थोड्या परतही येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर येते. तेवढ्यानेही परतणारी लहर किंचित बदलते. तो बदल पकडता आला, तर ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते बाहेर उभं राहून कळेल. तिने यंत्र जुळवलं आणि कोंडेरीच्या चिखलाखालून अकरा माणसं जिवंत निघाली. "श्वास सापडला की माणूस सापडतो," असं ती तेव्हा पत्रकारांना म्हणाली होती.

पुढे शासन बदललं. नव्या शासनाने एकोप्यासाठी म्हणून कायदा केला. देवाचं जे काही म्हणायचं ते नोंदलेल्या जागी, मंजूर मजकुरात आणि मंडळाच्या निरीक्षकासमोर म्हणायचं. घरात एकट्याने मनातल्या मनात काय हवं ते करा, पण तिघांनी मिळून केलं तर तो गुन्हा. बेने इस्राएलींचं प्रार्थनालय पहिल्याच महिन्यात बंद झालं. खरं तर दोनदा बंद झालं. गावातली जुनी माणसं त्याला 'मशीद' म्हणत आली होती, त्यामुळे मंडळाच्या यादीत ते दोन धर्मांखाली चढलं आणि दारावर दोन कुलुपं पडली. खऱ्या मशिदीवर मात्र एकच होतं.

मग मंडळाने सिपोराचं यंत्र घराघरात बसवलं. दरडी कोसळतात, माणसाच्या सुरक्षेसाठी आहे, असं सांगितलं. पेटीवर एक दिवा, एरवी हिरवा. पेटी बंद करणं हाही गुन्हाच. आणि भिंतीभिंतीवर फलक लागले: श्वास सापडला की माणूस सापडतो.

सहा महिन्यांतच लोकांना कळलं की पेटीला आणखीही काही सापडतं. माणूस बोलतो, गातो, तेव्हा झटकन श्वास घेतो आणि सावकाश सोडतो. चारजण एका सुरात म्हणू लागले की त्यांचे श्वास आपोआप एकमेकांना बांधले जातात. छात्या एकदम वर, एकदम खाली. शेवटचा शब्द लांबवला की सगळ्यांचा लांब उच्छ्‌वास एकाच वेळी संपतो. पेटी तेवढं टिपायची आणि दिवा लाल व्हायचा. डिमेलोंच्या घरी जपमाळ चालली होती, तिथे लाल. काझींच्या माडीवर जिक्र, लाल. महानुभावांच्या आश्रमात संध्याकाळचं स्मरण, तिथेही लाल. चाळीस मिनिटांत पथक दारात.

हे सगळं सिपोराला ठाऊक होतं. तिने नोकरी सोडली नव्हती. "मी सोडली तर दुसरा कुणी करेल, आणि मग दरडीसाठीसुद्धा वापरणार नाहीत," असं ती स्वतःला समजावायची. तिच्या बापाला ते समजलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही पटलं नव्हतं.

रविवारी भेट मिळाली. जाळीपलीकडे शालोम बसले होते. तिने बोलायला तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले.

"जेवलीस?"

चौदा महिन्यांनंतरचा पहिला शब्द. सिपोराला रडू आवरेना. रडतरडतच तिने मंडळाचा कागद जाळीला लावला. "बाबा, एवढी सही करा. 'यापुढे असं करणार नाही', इतकंच लिहिलंय. घरी जाऊ. नाहीतर दोन वर्षं संस्कार केंद्रात. तिथे डॉक्टर नाही, औषध नाही. तुम्ही परत येणार नाही, बाबा. मला माहितीय ते."

शालोमनी चष्मा लावून कागद वाचला. चांगला दोनदा वाचला.

"सिपू, शेमाची प्रार्थना म्हणताना आपण डोळ्यांवर हात ठेवतो. हात ठेवून जे म्हटलं, ते हात काढल्यावर खोटं म्हणू?"

"जीव वाचवायला खोटं चालतं. तुम्हीच शिकवलंत."

"दुसऱ्याचा वाचत असेल तर. माझा जीव काय, वापरून झालाय." ते जरा पुढे झुकले. "तुझ्या पेटीवर माझा राग नाही गं. ती खरं तेच बोलली, मी प्रार्थना केली. राग आहे तो तू ती यांच्या हातात दिलीस आणि मला येऊन सांगितलं नाहीस, याचा. बाहेरच्यांकडून कळलं मला."

"चुकलं, बाबा."

"मग आता नीट कर," बाप म्हणाला. जणू गणित चुकलेली वही परत दिली.

सोमवारी सिपोराने वडिलांच्या घरचा मूळ आलेख उघडला. मंडळाच्या यंत्रात 'उपासना-एक' नावाचा एक नमुना होता. प्रत्येक घरातले श्वास त्याच्याशी ताडून पाहिले जात. तो कुणी, कुठून आणला, हे तिला कधी सांगितलं गेलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. आज तिने तो पडद्यावर घेतला.

दहा-अकरा माणसांच्या श्वासांच्या रेघा. सगळ्या एकदम लांब उतरत जाणाऱ्या, नऊ सेकंद, आणि मग सगळ्या एकदम वर. त्यातली एक रेघ दर पाचव्या श्वासाला अडखळत होती. बारीक, उचकी दिल्यासारखी.

सिपोरा खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. ती रेघ तिच्या आईची होती.

यंत्र नवीन होतं तेव्हा तिला एका खोलीत शांत बसलेल्या पुष्कळ माणसांचे श्वास हवे होते. मांडवखारमध्ये पुष्कळ माणसं शांत बसतात कधी? तिने आपल्याच घरी शुक्रवारी संध्याकाळी यंत्र लावलं होतं. आईने काळ्या मनुकांचं सरबत केलं होतं, बाबांनी प्रार्थना सांगितली होती आणि शेमाच्या ओळीचा शेवटचा शब्द सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे दम पुरेल तिथवर लांबवला होता. एखाऽऽऽद. एखाद म्हणजे एक. देव एकच आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या नोंदीनंतर दोन वर्षांत आई गेली. मंडळाने सिपोराचं सगळं काम उचललं, त्यात तो शुक्रवारही उचलला आणि त्यालाच प्रार्थना ठरवून टाकलं. सगळ्या प्रांताची श्रद्धा मंडळ तिच्या आईच्या दम्यावर मोजत होतं!

ती हसली आणि मग बराच वेळ रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की यात मेख आहे. पेटीला देव कळत नाही. तिला फक्त नऊ सेकंदांचा 'एखाद' कळतो.

आणि असा लांब दम मांडवखारमध्ये आणखी एका ठिकाणी धरला जायचा. ती तडक बंदरावर गेली.

पडताळणी न्यायासनाची सुनावणी गुरुवारी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. न्यायाधिकारी सुलक्षणा घैसास नियमाबाहेर एक पाऊल न टाकणाऱ्या बाई म्हणून ओळखल्या जात. सिपोराला साक्षीला बोलावलं होतं ते मंडळानेच, यंत्राची जाणकार म्हणून.

मंडळाचे अधिकारी निरंजन बोंद्रे यांनी आधी अहवाल वाचला. "आरोपी शेवटी डोळे झाकून 'एखाद' असं मोठ्याने म्हणाले. एखाद काय, हे वारंवार विचारूनही त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही."

"पूर्णच आहे ते," शालोम जागेवरून म्हणाले.

"डॉक्टर झिराडकर," बोंद्रे म्हणाले, "हे यंत्र विश्वासार्ह आहे का?"

"श्वासाच्या बाबतीत पुरेपूर. श्रद्धेच्या बाबतीत अजिबात नाही. दाखवते."

बोंद्रे हरकत घ्यायला उठेपर्यंत तिने मागच्या बाकांकडे हात केला होता. चांगुणाबाई आणि आठ कोळणी पदर खोचून पुढे आल्या. मांडवखारच्या उथळ किनाऱ्यावर होडी नुसत्या जोराने वर ओढता येत नाही. लाट होडीखाली येईपर्यंत दोर ताणून थांबावं लागतं आणि तोवर सगळ्यांनी मिळून एक 'हो' लांबवायचा. लाट आली की 'हैसा'. हे काम वाळूवरचं, तिथे पेट्या नव्हत्या, म्हणून मंडळाला त्याचा पत्ताच नव्हता.

बायकांनी नसलेला दोर धरला.

"होऽऽऽऽऽऽ... हैसा!"

दुसऱ्याच खेपेला सभागृहातल्या पेटीचा दिवा लाल झाला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. घैसासबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तशी ती थांबली.

बोंद्रे मात्र कच्चे नव्हते. "या बायकांना शिकवून आणलंय. सभागृहातला खेळ हा पुरावा नव्हे. घरांमध्ये उपासनेखेरीज दिवा लाल झाल्याचं एकही उदाहरण आजवर नाही. असेल तर दाखवावं."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मुद्दा योग्य आहे. घरांमधला पुरावा असेल तर सोमवारी आणा. नसेल तर सोमवारी निकाल."

सिपोराला त्याच दिवशी नोकरीवरून काढलं. बरं झालं, कारण शुक्रवारचा दिवस तिला मोकळा हवा होता. फोनवर बोलणं धोक्याचं होतं, पण मासळीची पाटी कुणी अडवत नाही. शुक्रवारी सकाळी कोळणी दारोदार फिरल्या आणि बांगड्यांबरोबर एक निरोप देत गेल्या. डिमेलोंकडे, काझींकडे, आश्रमाच्या मागच्या दाराशी, ब्राह्मण आळीत, बौद्धवाडीत. काही दारं लगेच लागली. काहींनी निरोप ऐकून नुसती मान हलवली. महानुभाव आश्रमात मासळी चालत नाही. तिथे चांगुणाबाई पाटी खाली ठेवून रिकाम्या हाताने गेल्या आणि त्यांना दोन पेरू मिळाले.

"करतील का हो, मावशी?" सिपोराने विचारलं.

"ज्याच्या घरातला कुनी नेलान त्यो करील," चांगुणाबाई म्हणाल्या. "आनि ज्याचा नाय नेला त्याला म्हायती हाय, आता त्याचाच लंबर."

दिवेलागणीला सिपोरा बापाच्या घरात उभी होती. चांगुणाबाईंचं सगळं घर जमलं होतं. शब्बाथचा दिवा तिने आईसारखा पाण्यावर खोबरेल घालून लावला. एकटं हेच घर लाल झालं, तर सोमवारी बाबा गेलेच. वर या सगळ्यांना घेऊन.

"होऽऽऽऽऽऽ... हैसा!"

पेटी लाल झाली. सिपोरा धावत खिडकीशी गेली.

समोरचं काझींचं घर अंधारात होतं. क्षणभर काहीच नाही. मग त्यांच्या खिडकीत लाल ठिपका उमटला. त्याच्या खाली शिंप्यांकडे दुसरा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एकेक करत, मग एकदम, आणि वरच्या आळीतून, बंदरावरून, चर्चच्या मागून 'हो' ऐकू यायला लागला. कुणाचा सूर वर, कुणाचा खाली. सगळं मांडवखार आपापल्या घरात उभं राहून होडी ओढत होतं. टेकडीपर्यंत घरंच्या घरं लाल झाली. सिपोराने खिडकीचे गज घट्ट धरले आणि मोठ्याने हसत सुटली. इतका आनंद तिला कोंडेरीचा पहिला माणूस चिखलातून बाहेर आला तेव्हा झाला होता.

नियमाप्रमाणे प्रत्येक लाल दिव्यामागे पथकाने जाऊन लेखी अहवाल द्यायचा होता. गावात पथकं सात. त्यातलं एक घामाघूम होऊन झिराडकरांच्या दारात आलं.

"काय चाललंय इथे?"

"होडी वडतांव," चांगुणाबाई म्हणाल्या.

"कुठाय होडी?"

"आली का दिसंल ना."

हवालदाराने कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही चौदावं घर. चौदाही घरांत होडीच."

"मग लिवा तसाच."

त्याने तसंच लिहिलं. दुसरं करणार काय!

सोमवारी घैसासबाईंच्या टेबलावर सही-शिक्क्याचे अहवाल छातीइतके उंच रचलेले होते. सगळे मंडळाचेच. त्यांनी वरचे वीस-पंचवीस वाचले आणि बोंद्र्यांकडे पाहिलं.

"तीन हजार घरं. यांच्यावर उपासनेचा खटला भरणार आहात का?"

"नाही... ती होडी होती, मॅडम."

"यंत्र तर उपासना म्हणतंय."

"यंत्र चुकलं, मॅडम."

वाक्य तोंडातून गेलं आणि बोंद्र्यांना ते परत घ्यावंसं वाटलं. पण लेखनिकाने लिहून घेतलं होतं.

"यंत्राचा पुरावा बाद," बाई म्हणाल्या. "आरोपींना..."

"बाई, मला बोलायचंय." शालोम उभे राहिले होते. सिपोरा जागेवरूनच मान हलवत होती, बाबा, नको, बसा. पण ते तिच्याकडे पाहून हसले. "त्या लोकांनी होडी ओढली, हे खरं. पण मी प्रार्थना केली होती. आणि सुटलो तर येत्या शुक्रवारीही करणार आहे. माझ्यामुळे कुणाला होडीचं खोटं सांगावं लागू नये, म्हणून सांगून ठेवतो."

बोंद्रे उजळले. "कबुली आहे, मॅडम!"

घैसासबाईंनी नियमांचं पुस्तक ओढलं. पानं उलटायला त्यांना विशेष शोधावं लागलं नाही. बहुधा घरून वाचून आल्या होत्या.

"नियम अकरा. 'माणूस दबावाखाली वा श्रद्धेपोटी काहीही सांगू शकतो. यास्तव यंत्राच्या दुजोऱ्याशिवाय कोणाचेही तोंडी म्हणणे ग्राह्य धरू नये.' हा नियम मंडळानेच केलाय ना? आजवर याच नियमाखाली तुम्ही शेकडो लोकांचं 'आम्ही काही केलं नाही' फेटाळलंत."

बोंद्रे खाली बसले.

"झिराडकर," बाईंचा आवाज पहिल्यांदाच किंचित हलला, "तुम्ही खरं बोलताय याबद्दल मला शंका नाही. पण मंडळाच्या मते माणसाच्या शब्दाला किंमत नसते. नाइलाज आहे. तुम्ही निर्दोष आहात. याच पुराव्यावर ज्यांना संस्कार केंद्रात पाठवलंय, ते सगळेही. त्यांना आठ दिवसांत घरी पोहोचवा."

डिमेलोंची म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मग सभागृह उसळलं.

त्या शुक्रवारी झिराडकरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. संस्कार केंद्रातून परतलेला काझींचा थोरला पायरीवर बसला होता. मंडळ अजून होतं, कायदा अजून होता आणि पेटीही भिंतीवर होती. पण इतर गावांतूनही होडीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. ज्या गावांना समुद्र नव्हता तिथूनसुद्धा.

शब्बाथ लागण्यापूर्वी सिपोराने बापाला पडद्यावर ती रेघ दाखवली. दर पाचव्या श्वासाला अडखळणारी. शालोमनी तिच्यावर बोट ठेवलं आणि काढेचनात.

"हन्ना," ते म्हणाले.

"यांच्या यंत्राला प्रार्थना म्हणून एवढीच ठाऊक आहे, बाबा. आई."

मग शब्बाथचा दिवा लागला. शालोमनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला, तसा सगळ्यांनी ठेवला. सिपोरानेही, त्या शुक्रवारनंतर नऊ वर्षांनी. शेमाची ओळ आली आणि शेवटचा शब्द सगळ्या घराने दम पुरेल तिथवर धरला.

"एखाऽऽऽऽऽऽद."

हात काढला तेव्हा पेटी लाल झाली होती. सवयीने सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दहा मिनिटं गेली, चाळीस गेली. कुणी आलं नाही. वाटीतले भिजवलेले गोड पोहे संपत आले तरी कुणी आलं नाही.

"बंद करू का ती?" सिपोराने विचारलं.

"शब्बाथ आहे. दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही," शालोम म्हणाले. त्या लाल ठिपक्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. "राहू दे गं. तुझ्या आईने लावलाय."